सात पासवर्डांची वही

४ जून

ठमे,

फोनवर तुझ्याशी भांडण्यात अर्थ नाही. तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि पलीकडे कीबोर्ड बडवत असतेस, मला ऐकू येतं. ई-मेल करायचा तर त्याचाही पासवर्ड आठवावा लागतो. पोस्टाची पेटी बिचारी तोंड उघडं ठेवून उभी असते, काही विचारत नाही. म्हणून हे पत्र, आणि उत्तरही मला पत्रानेच हवं.

काल आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर खात्याचा माणूस आला. हातात डबाभर कार्डं. म्हणाला, आता सात पासवर्ड नकोत, प्रत्येकीने आपलं एक कार्ड टेकवायचं की सातही प्रोग्राम उघडतील. कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात कंपनीचं नाव होतं. चष्मा लावून वाचलं तर तुझीच कंपनी! घरभेदी कुठली!

आमचं खातं तुला माहीत आहे. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुवायच्या, पॅक करायच्या, वाफेच्या मशीनमध्ये घालायच्या. एका वेळी मशीनमध्ये जातो तो एक लोड. आतली कागदाची पट्टी काळी पडली तर लोड पास, नाहीतर पुन्हा धुण्यापासून सुरुवात. एवढं साधं काम. पण त्याच्यासाठी प्रोग्राम सात: हजेरी, रजा, लोडची नोंद, थिएटरची मागणी, कापसाचा साठा, मशीनच्या तक्रारी आणि ते ट्रेनिंगचं. सातही म्हणे कुठल्या तरी दूरच्या कंपन्यांच्या मशीनवर राहतात, आम्ही इथून दार वाजवायचं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येक जण वेगळ्या तारखेला रुसतो. एकदा दार बंद झालं की मदतीच्या फोनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकायचं. तिकडे थिएटरात पेशंट टेबलावर.

म्हणून गेली नऊ वर्षं मी काय करते? पावणेसातला येते आणि तिन्ही कॉम्प्युटर माझ्या नावाने उघडून ठेवते. अकरा जणी पाळीपाळीने दिवसरात्र माझ्याच नावाने काम करतात. जानेवारीत आमच्या खात्याच्या साहेबांचा लोडच्या नोंदीचा पासवर्ड अडकला तेव्हा त्यांनाही माझाच लिहून दिला, अजून तोच वापरतात. सातही पासवर्ड माझ्या वहीत आहेत. आणि विसरू नयेत म्हणून मी घरातली भांडणं वापरलीत. रजेचा पासवर्ड म्हणजे तुझ्या मामाने मला न विचारता विकलेल्या सायकलचा नंबर. लोडच्या नोंदीचा म्हणजे तुझ्या आईचं टोपणनाव आणि तिने माझी चांगली कात्री हरवली ते साल. एकसुद्धा कधी विसरले नाही. राग पक्का असला की पासवर्ड पक्का राहतो.

त्या माणसाने वही मागितली. मी म्हटलं, निवृत्तीला सोळा महिने आहेत, तोवर ही वही माझ्याकडून कोण घेतो ते बघतेच. वही सध्या कापसाच्या पिंपात आहे. तुझ्या कंपनीला सांग जाऊन.

जेवतेस का वेळेवर? आई नाही म्हणून उपाशी राहू नकोस. मी अजून आहे ओरडायला.

तुझी मावशी

१२ जून

प्रिय पिंपवाली मावशी,

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. वही पिंपात ठेवलीस हे ठीक, पण ते मला लिहून का कळवलंस? उद्या तुझी चौकशी झाली तर पुरावा माझ्या टेबलावर.

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. पत्राचा तेवढा एक फायदा आहे. पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली नाही ग. ती तुझी सही आहे. तुझ्या नावाने कॉम्प्युटर उघडा असताना कोणीही लोड पास केला तरी नोंद लिहिते, "मावशीने पास केला." नऊ वर्षं तू रोज सकाळी कोऱ्या कागदावर सही करून अकरा जणींच्या हातात देते आहेस. आणि वर साहेबांच्याही.

तू हे प्रेमाने करतेस हे मला माहीत आहे. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर आईच्या नावाने तूच सही केली होतीस, गणितात नापास झाले तेव्हा. पण तेव्हा फार तर आपल्या दोघींना मार बसला असता. इथे माणसांच्या पोटात जाणाऱ्या सुऱ्या आहेत.

कार्ड घे. तुझं कार्ड तुझ्या खिशात, शेजारणीचं शेजारणीच्या. टेकवलं की चार सेकंदांत दार उघडतं, मी स्वतः मोजलंय. रुसणं नाही, गाणं नाही. आणि कार्ड घेईपर्यंत निदान स्वतःच्या नावाने तिन्ही कॉम्प्युटर उघडणं बंद कर. हात जोडते.

तुमच्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडे आहे हे खरं, पण ते दुसऱ्या टीमकडे आहे. मी त्यात नाही.

जेवते. बहुतेक वेळा. आईचं कपाट अजून उघडलेलं नाही. हॉस्पिटलातून आणलेली तिची पिशवीही तशीच आहे, गाठ मारलेली. तू आलीस की उघडू.

तुझी ठमी

२७ जून

ठमे,

मला सही शिकवू नकोस. तू शेंबूड पुसायला शिकलीस तेव्हापासून मी सह्या करते आहे.

आणि बातमी ऐक. आम्ही कार्डं परत केली! अकराच्या अकरा जणींनी. मी टेबलावर उभी राहिले नाही एवढंच, बाकी भाषणच ठोकलं. म्हटलं, नवीन काही आणलं की आधी आमचीच दारं बंद होतात. मागच्या वेळी हजेरीचा प्रोग्राम बदलला तेव्हा तीन दिवस आम्ही सगळ्या गैरहजर होतो, कामावर उभ्या राहून. तेव्हा कोण आलं होतं विचारायला? टाळ्या पडल्या. चष्मेवालीने तर शिट्टी मारली. चष्मेवाली म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर पॅकिंग करते ती. तिला शिट्टी येते हे आम्हाला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे साहेब आमच्या बाजूने! ज्या माणसाने आजवर साधा पंखा बदलून दिला नाही, तो माणूस म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे. चाललंय ते उत्तम चाललंय. निदान चार महिने तरी हे कार्ड-बिर्ड नको." स्वतः वर पत्र लिहिलं त्यांनी. मला चहा पाजला, स्वतःच्या खोलीत, बशीतून सांडू न देता.

एक कागदही दिलाय त्यांनी, जुन्या कुठल्या लोडबद्दल आहे. मार्चमधली काही बारीकसारीक तक्रार आहे म्हणे, लोडचा नंबर लिहिलाय आणि खाली माझं नाव. "सवडीने वाचून सही करा," म्हणाले. बघेन. एवढ्या चांगल्या वागणाऱ्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

तेव्हा तुझी चार सेकंदं तुझ्याजवळ ठेव. इथे मावशीचं राज्य आहे.

पिशवी उघडू नकोस एकटीने. मी येते सुट्टी मिळाली की.

मावशी

४ जुलै

मावशी,

कुठल्याही कागदावर सही करू नकोस. हे पत्र मिळताच पहिलं काम ते.

आता मी खोटं बोलले ते सांगते. तुमच्या हॉस्पिटलचं काम माझ्याकडेच आहे, एप्रिलपासून. तुला सांगितलं असतं तर तू मला खोदून खोदून विचारलं असतंस आणि मी सगळं सांगून टाकलं असतं. आता तेच करते आहे, पण तू विचारण्याआधी. कंपनीला कळलं तर माझी नोकरी जाईल, म्हणून फोन नाही, ई-मेल नाही.

नवीन कार्ड देण्याआधी जुन्या नोंदी माणसांशी जुळवाव्या लागतात. ते मी करते आहे. तुझ्या नावावर मागच्या वर्षभरात किती लोड आहेत माहीत आहे? अकरा माणसांचे. नोंदीप्रमाणे तू कधी कधी दिवसाचे बावीस तास उभी असतेस. एकाच मिनिटाला तीन टेबलांवर असतेस. ऑफिसात मुलं हसली, म्हणाली ही बाई आहे की देवी? मी पण हसले, त्यांच्यात बसून.

मग एका तारखेशी येऊन थांबले. चौदा मार्च.

त्या दिवशी तुझ्या नावाने अकरा लोड पास झाले आहेत, मावशी. दुपारनंतरचे पाच. त्यातला एक चार वाजून दहा मिनिटांनी. त्या लोडला मशीनचं तापमान पोचलंच नव्हतं, मशीनने स्वतः तसं लिहिलंय. तरी कोणीतरी "पास" दाबलं. तुझ्या नावाने.

चौदा मार्चला चार वाजता तू कुठे होतीस ते तुला आणि मला माहीत आहे. तू माझ्या शेजारी बाकावर होतीस. आई जाऊन पाऊण तास झाला होता.

साहेबांच्या कागदावर लोडचा नंबर आहे म्हणालीस. तारीख आहे का? नसेल तर का नाही, एवढं त्यांना विचार. आणि कार्डांआधी जुन्या नोंदी तपासल्या जातात, मग त्यांना चार महिने कार्ड का नको आहे, तेही स्वतःला विचार.

ठमी

२८ जुलै

ठमे,

तुझं पत्र मी चार दिवस न फोडता ठेवलं होतं. वाटलं, पुन्हा चार सेकंदांचं पुराण असेल. पाचव्या दिवशी फोडलं आणि मग एवढे दिवस उत्तर लिहायला हात धजत नव्हता.

आधी तुझ्यावर चिडले ते लिहिते. एप्रिलपासून तू माझ्या नोंदी बघतेस आणि मला कळवत नाहीस? त्या हसणाऱ्या मुलांत बसून तू पण हसलीस, आणि वर मलाच लिहून सांगतेस. मला फार लागलं ते. बरं. झालं बोलून.

आता माझं लपवलेलं सांगते. तो कागद मी तुला बारीकसारीक म्हणून लिहिला, तसा तो नव्हता. मार्चमध्ये एका बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शिवणकाम करतात त्या, पायाने मशीन चालवतात. जखम पिकली, पुन्हा फाडावं लागलं, आता चालताना पाय ओढतात. त्यांच्या मुलीने तक्रार केली आणि चौकशी बसली. साहेबांच्या कागदावर लिहिलं होतं, "माझ्या नजरचुकीमुळे सदोष लोड पास झाला." खाली माझं नाव, सहीला जागा. साहेब म्हणाले, "ताई, नोंदीत तुमचंच नाव आहे, नोंद खोटं बोलत नाही. सही करा, मी सांभाळून घेतो, सन्मानाने लवकर निवृत्त व्हा. नाही केलीत तर काढून टाकतील."

आणि ठमे, मी सही करणार होते. खरंच करणार होते. मला वाटलं, झालं असेल माझ्या हातून. वय झालं, डोळे गेले. रोज त्या बाईंचा गुडघा डोळ्यांसमोर यायचा. आरशात बघायची लाज वाटायला लागली होती. नऊ वर्षांत एक पट्टी मी पांढरी असताना पास केली नाही, तरी स्वतःवरचाच विश्वास उडाला. कागदावर तारीख नव्हती आणि मला विचारायचं सुचलंही नाही.

तुझं पत्र वाचून मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, तारीख काय या लोडची? ते म्हणाले, "तारखेचं काय घेऊन बसलात!" म्हटलं, चौदा मार्च ना? त्यांचा चेहरा तुला दाखवायला हवा होता. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमची हजेरी आहे." आहेच ना! तुझा फोन आला तेव्हा मी अकरा वाजता रडत निघाले, कॉम्प्युटर तसेच उघडे. साहेबांनीच जिन्यात सांगितलं होतं, "रजा टाकू नका ताई, मी सांभाळतो, तुम्ही जा." केवढे उपकार वाटले होते मला! बसमध्ये तीन तास मी त्या माणसाला आशीर्वाद देत होते.

चष्मेवालीला कोपऱ्यात घेतलं. ती रडली. तिने तो लोड लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवला होता. थिएटरातून फोनवर फोन येत होते. साहेब आले, चिठ्ठी काढली, कात्र्या-चिमट्यांचा सेट उचलून नेला आणि म्हणाले, "नोंदीचं मी बघतो."

म्हणजे त्याने बघितलं. माझा पासवर्ड टाकून बघितलं. लोडच्या नोंदीचा पासवर्ड काय होता ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलंय. तुझी आई जाऊन तास झाला नव्हता आणि या माणसाने खुर्चीत बसून तिचं लाडाचं नाव टाईप केलं, खोटं बोलण्यासाठी. हे मला सहन होत नाही ग. बाकी सगळं होईल, हे होत नाही.

मी सही करणार नाही. काढू देत मला. पण माझ्याकडे दाखवायला काय आहे? हजेरी म्हणते मी होते, नोंद म्हणते मी दाबलं. चष्मेवाली बोलेल की नाही देव जाणे, तिला दोन पोरं आहेत. चौकशी अठरा ऑगस्टला आहे.

मावशी

४ ऑगस्ट

मावशी,

हसले त्याची माफी मागते. तुझा राग मान्य, पूर्ण.

काल मी एकटीने आईची पिशवी उघडली. तू ओरडशील, ओरड. गाठ इतकी घट्ट होती की कात्री लावावी लागली. आत स्वेटर, चष्मा, घड्याळ आणि एक घडी घातलेला कागद होता. त्या हॉस्पिटलचा फॉर्म, "रुग्णाच्या वस्तू नातेवाइकांच्या ताब्यात." मी त्या दिवशी बाकावर नुसती बसून होते, आठवतं? सगळं तू केलंस. यादी तुझ्या अक्षरात आहे. चष्मा एक. घड्याळ एक, बंद. स्वेटर एक, कोपरावर विरलेला. रुमाल दोन. विरलेला असं कोण लिहितं ग फॉर्मवर? तूच लिहिणार.

खाली तुझी सही आहे. शेजारी तिथल्या नर्सची सही, शिक्का, तारीख आणि वेळ. चार वाजून पाच मिनिटं.

मूळ कागद रजिस्टर्ड पोस्टाने पाठवते आहे, सोबत घड्याळही. कागदाची एक प्रत माझ्याकडे ठेवली.

आता दुसरं. मला वरून सांगितलं होतं की जुन्या नोंदी त्या त्या माणसाच्या नव्या कार्डाला जोडून टाक, एक बटण आहे, दाबलं की झालं. ते दाबलं असतं तर ते अकरा माणसांचं काम आणि तो लोडही कायमचा तुझ्या नावाला चिकटला असता, आणि पुढे कोणी वेगळा काढू शकला नसता. मी दाबलं नाही. लिहून दिलं की या नोंदी एका माणसाच्या नाहीत, म्हणून जोडता येणार नाहीत. आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, सगळं सोपं करायचं हेच आपलं काम आहे. मी म्हटलं, सोपं करा, पण खोटं सोपं करू नका. तू माझी मावशी आहेस हेही सांगून टाकलं. मला त्या कामावरून काढलंय. सध्या दुसऱ्या मजल्यावर बसून प्रिंटरच्या तक्रारी वाचते. नोकरी आहे अजून, उद्याचं माहीत नाही. घाबरले नाहीये. म्हणजे थोडी घाबरलेय, पण पुन्हा सांगितलं तरी दाबणार नाही.

एक गोष्ट तुला सांगणं माझ्या अधिकारात नाही. पण तू विचारू शकतेस. चौकशीत फक्त एवढं विचार: "तो 'पास' कुठल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून दाबला?" नोंदीत नाव असतं, तसं कॉम्प्युटरचं ठिकाणही असतं. बघ म्हणावं त्यांना. आणि मान वर करून विचार.

ठमी

२ सप्टेंबर

ठमे,

झालं. सविस्तर लिहिते, नाहीतर तू फोन करून "मग? मग?" करशील.

लांब टेबल, पलीकडे तिघं. मधे मोठ्या डॉक्टरीणबाई, त्या स्वतः ऑपरेशनं करतात, त्यांच्या हाताकडे बघून कळतं. एका बाजूला आमचे साहेब, इस्त्रीचा शर्ट. दुसऱ्या बाजूला त्या शिवणकामवाल्या बाई आणि त्यांची मुलगी. माझ्याकडे बाई बघतसुद्धा नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने मीच ती.

साहेबांनी नोंद वाचली, हजेरी वाचली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, काही म्हणायचंय? मी आधी वही काढली, पिंपातली, कापूस चिकटलेली, आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, पहिला गुन्हा माझा, तो आधी लिहून घ्या. नऊ वर्षं मी माझं नाव रोज सकाळी उघडं टाकलं, कारण तुमचे सात दरवाजे आमच्यासाठी उघडत नव्हते. थिएटर थांबू नये म्हणून टाकलं. पण टाकलं. त्याची शिक्षा द्या, मी घेते. न केलेल्याची घेणार नाही.

मग तुझ्या आईचा कागद ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "विरलेला" शब्दावर त्यांचं बोट थांबलं, मी पाहिलं. म्हणाल्या, "ही तुमची सही?" मी तिथेच कोऱ्या कागदावर तीन सह्या करून दाखवल्या. म्हटलं, चार वाजून पाचला मी बहिणीचा चष्मा ताब्यात घेत होते. चार वाजून दहाला तीन तासांच्या अंतरावरच्या मशीनचं बटण दाबायला माझा हात काय रबराचा आहे?

आणि मग विचारलं, मान वर करून, तू सांगितलंस तसं. कुठल्या खोलीतून दाबलं? कॉम्प्युटर खात्याच्या माणसाला बोलावलं, तोच तो कार्डवाला. त्याने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हळूच म्हणाला, "यांच्या विभागातून नाही. साहेबांच्या खोलीतून." साहेब म्हणाले, माझ्या खोलीत कोणीही येऊ शकतं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. चष्मेवाली उभी. लाल चिठ्ठीसकट सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "मी तेव्हा गप्प बसले, ते मला रोज खातं." साहेब मग खाली बघत बसले. चोराच्या उलट्या बोंबा तरी ठोकतील असं वाटलं होतं, तेवढाही दम नव्हता.

साहेबांना घरी बसवलंय, त्यांची वेगळी चौकशी होईल. मला पासवर्ड वाटल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मी वाचली, दोन शब्दांवर हरकत घेतली, ते बदलायला लावले आणि मग सही केली. माझ्या हाताने. बाजूला वेळ घातली.

बाहेर व्हरांड्यात त्या बाई मुलीचा हात धरून उभ्या होत्या. मी गेले. म्हटलं, तो लोड मी पास केला नाही, पण पासवर्ड मी दिला होता. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पायाने मशीन चालवायला शिकतेय." त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाणार आहे. त्या नको म्हणाल्या तर परत येईन.

आणि हो, कार्डं. पोरींना मीच म्हटलं, घ्या. पण एक अट लेखी घेतली: कार्ड अडकलं तर नवीन मिळेपर्यंत काम थांबेल, आणि त्याचा जाब आम्हाला विचारायचा नाही. सोमवारी पहिला दिवस. चष्मेवालीचं कार्ड चालेना. थिएटरातून फोन, "ताई, तुमच्या नावाने उघडून द्या ना, दोन मिनिटांचं काम." नऊ वर्षं मी यावर "हो" म्हणाले आहे. जीभ "हो" म्हणायला उचललीही गेली होती. म्हटलं, नाही देणार. थांबा. थिएटर पंचवीस मिनिटं थांबलं. डॉक्टर ओरडले, ओरडू दिलं. दुपारी कार्डवाला धावत येऊन बदलून देऊन गेला, आणि उद्यापासून एक जादा कार्ड विभागात ठेवतो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्यासाठी कोणी धावलं. तुझी चार सेकंदं खोटी आहेत मात्र, माझ्या हाताला सहा लागतात.

वही परत मिळाली. सगळे पासवर्ड रद्द झालेत, आता ती नुसती भांडणांची यादी राहिली आहे. तुझ्या मामाची सायकल मी खोडली. तुझ्या आईचं पान ठेवलंय. कात्री तिनेच हरवली होती, ती गेली म्हणून ते बदलत नाही.

प्रिंटरच्या तक्रारी मन लावून वाच. आणि त्यांनी पुन्हा ते बटण दाबायला सांगितलं तर माझ्याकडे ये. भाकरतुकडा दोघींना पुरेल एवढा आहे.

आज सोमवारनंतरचा तिसरा दिवस. माझ्या नावावर चार लोड आहेत. चारही मी केले.

तुझी मावशी

सही केली आहे. वेळ: संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, तुझ्या आईच्या घड्याळाप्रमाणे. सेल नवीन टाकून घेतला.